पेवाची पावती आणि मेनफ्रेमची टेप

मामा चार दिवस आमच्याकडं विश्रामबागेत राहायला आले होते. रात्री साडेअकराला मी हेडफोन लावून बसलेलो, पलीकडं अमेरिकेतला माणूस, आणि मी त्याला सांगतोय की बाराशे टेप आज डिलीट करून टाकतो. कॉल संपल्यावर मामांनी पांघरुणातूनच विचारलं, "बाराशे? पुसता पुसता उजाडंल की रं. आन् ठेवल्यास कुठं एवढ्या?"

टेप तिकडं, मी सांगलीत, आणि पुसायचं काहीच नव्हतं. हे काम मी बारा-तेरा वर्षं करतोय आणि घरात कुणालाच धड समजावता आलेलं नाही. मामांना मात्र अर्ध्या तासात कळलं. कारण ते चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, आणि माझं काम हे मुळात दिवाणजीचंच काम आहे. म्हणून इथंही हळदीपासूनच सुरुवात करतो.

हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम. तिथली माती अशी की खोल खड्डा घेतला तरी आत ओल धरत नाही, कीड लागत नाही. तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती लोटायची. हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची. व्यापार चालायचा पावतीवर. पावती या हातातून त्या हातात जायची, हळद जागची हलायची नाही. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं, पुढं गोदामं आणि कोल्ड स्टोरेज आली, आणि आता 'पेव फुटलंय' हा वाक्प्रचारच तेवढा जोरात आहे. पण मामांना पेव म्हटलं की आधी वही आठवते, मग खड्डा. कारण जमिनीवरून बघितलं तर सगळी पेवं सारखीच. कुठलं भरलेलं, कुठलं रिकामं, कुठलं कुणाचं, हे फक्त वहीला माहीत.

मेनफ्रेमच्या टेपचं अगदी असंच आहे.

मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांचे रोजचे कोट्यवधी व्यवहार सांभाळणारी मोठी यंत्रं. आयबीएमनं १९६४ मध्ये सिस्टिम/३६० जाहीर केली, आजची यंत्रं त्याच घराण्यातली. टेप म्हणजे डेटा साठवायची चुंबकीय फीत, ती त्याहूनही जुनी. आधी मोठी चाकं असायची, २४०० फूट फीत गुंडाळलेली. १९८४ मध्ये हातात मावेल अशी चौकोनी कार्ट्रिज आली, ३४८० नावाची, तिच्यात २०० मेगाबाइट मावायचे. लग्नातला एखादा व्हिडिओ आज तेवढा होतो. आताच्या कार्ट्रिजमध्ये टेराबाइटच्या टेराबाइट मावतात, आणि पुष्कळ ठिकाणी तर कार्ट्रिजही नसते. डिस्कच टेपचं सोंग घेते, त्याला व्हर्च्युअल टेप म्हणतात. प्रोग्रामला फरक कळत नाही. तो टेप मागतो, त्याला टेप मिळते.

प्रत्येक टेपला सहा अक्षरांचा नंबर असतो, व्हॉल्यूम सिरियल. आम्ही नुसतं व्हॉल्सर म्हणतो. हा नंबर कार्ट्रिजवर बाहेर बारकोडसकट चिकटवलेला असतो, आणि आत फितीच्या अगदी सुरुवातीलाही लिहिलेला असतो. फितीवर पहिल्यांदा ८० अक्षरांचं एक लेबल येतं, त्यात हा नंबर. त्यापुढं आणखी दोन लेबलं, तीही ८० अक्षरांचीच, त्यात फाइलची माहिती.

मामांनी लगेच विचारलं, "मग लेबल हायच की. वही कशाला?"

रास्त प्रश्न. मेनफ्रेमवर फाइलचं नाव ४४ अक्षरांपर्यंत असू शकतं. पण टेपच्या लेबलात नावासाठी जागा आहे फक्त १७ अक्षरांची, त्यामुळे नावाची शेवटची १७ अक्षरंच तिथं बसतात. आता कर्जखात्याची मासिक बॅकअप आणि कार्डखात्याची मासिक बॅकअप अशा दोन फाइली घ्या. नावं सुरुवातीला वेगळी, पण शेवट दोन्हींचा सारखाच: मासिक, बॅकअप, बारावी पिढी (म्हणजे बारावी आवृत्ती). लेबलवर दोघी जुळ्या बहिणी. पूर्ण नाव कुठं आहे? वहीत. फाइल कुठल्या दिवशी, कुठल्या जॉबनं (मेनफ्रेमवर चालवलेल्या एखाद्या कामाला जॉब म्हणतात) लिहिली, किती टेपांवर पसरली, कधीपर्यंत ठेवायची, टेप आत्ता रॅकमध्ये आहे की दुसऱ्या गावातल्या व्हॉल्टमध्ये पाठवलीय, हेही सगळं वहीत.

या वहीला टेप मॅनेजमेंट कॅटलॉग म्हणतात. बाजारात अशा दोन वह्या फार चालतात. एक सीए-वन. ही मुळात यूसीसी-वन, १९८७ मध्ये कॉम्प्युटर असोसिएट्सकडं आली आणि २०१८ पासून ब्रॉडकॉमकडं आहे. दुसरी आयबीएमची स्वतःची, आरएमएम. दोन्हींची बोली वेगळी, हिशेब एकच.

टेपचं आयुष्य असं जातं. नवी टेप वहीत आली की ती 'स्क्रॅच' असते, म्हणजे रिकामी समजायची, कुणीही घ्यावी. एखाद्या जॉबनं ती घेतली, त्यावर लिहिलं, की ती भरलेली ठरते. आरएमएमच्या भाषेत 'मास्टर'. तिला मुदत लागते. मुदत संपली की रात्रीच्या साफसफाईत ती परत स्क्रॅच होते, आणि हे चक्र टेप झिजेपर्यंत चालतं.

यात एक गोष्ट लोकांना पटतच नाही. स्क्रॅच झालेल्या टेपवरचा जुना डेटा तसाच असतो. कुणी पुसत नाही. फक्त वहीत लिहिलेलं असतं की आता यावर कुणाचा हक्क नाही. पुढचा जॉब येऊन वर लिहील तेव्हा खरा तो जातो. खरोखर पुसायचीच असेल, समजा गिऱ्हाइकांची माहिती आहे आणि कार्ट्रिज भंगारात द्यायचीय, तर ते काम वेगळं सांगावं लागतं, त्याचा वेगळा प्रोग्राम असतो, आणि त्याची नोंद वेगळी ठेवतात. नुसतं कॅटलॉगमधून काढलं म्हणून डेटा नष्ट झाला असं कुणी लिहून दिलं तर त्यावर सही करू नये.

मुदतीचीही एक गंमत आहे. मेनफ्रेमवर तारीख वर्षाचे दोन आकडे आणि वर्षातला कितवा दिवस अशी लिहायची जुनी पद्धत. ९९३६५ म्हणजे ९९ सालचा ३६५ वा दिवस. सत्तर-ऐंशीच्या दशकात तो इतका लांब वाटायचा की '९९३६५' याचा अर्थच 'कधीही संपवू नका' असा ठरून गेला. मग ३१ डिसेंबर १९९९ खरोखरच उगवला. ज्यांच्या सिस्टिमला ही खूण ओळखता येत होती त्यांचं निभावलं, बाकीच्यांनी त्याआधी रात्री जागवल्या. आजही ९९३६५ म्हणजे कायमची ठेव. आणि सीए-वनमध्ये ९९००० लिहिलं तर अर्थ होतो, जोवर फाइलचं नाव सिस्टिमच्या मुख्य कॅटलॉगमध्ये, म्हणजे सगळ्या फाइलींच्या यादीत आहे, तोवर टेप ठेवा. ही दिसायला साधी सोय, पण कुणी फाइलचं नाव मुख्य कॅटलॉगमधून काढलं की त्या रात्री टेप बिनबोभाट स्क्रॅच होते. काढणाऱ्याला वाटतं आपण फक्त यादीतलं एक नाव कमी केलं.

आता डिलीट. टेप वहीतून काढायचीच का? कारणं बरीच असतात. जुन्या कार्ट्रिजवरचं सगळं व्हर्च्युअल टेपवर हलवलं आणि जुनी लायब्ररी, म्हणजे टेपांचं यांत्रिक कपाट, बंद करायचीय. टेप खराब झालीय, वाचताना चुका देते. एखादं डेटा सेंटर बंद झालं. किंवा तेच नंबर नव्या कार्ट्रिजना द्यायचेत, आणि वहीत एकाच नंबराची दोन पेवं चालत नाहीत.

आरएमएममध्ये डिलीट-व्हॉल्यूम अशी एक कमांड आहे आणि तिच्यापुढं तीन शब्द येऊ शकतात. 'रिलीज' म्हटलं तर टेपवरचा हक्क सोडला जातो, मग तिच्यावर ठरलेल्या क्रिया होतात: स्क्रॅच करायची, मालकाला परत द्यायची, पुसायची, जे ठरलं असेल ते. 'रिमूव्ह' म्हटलं तर टेप वहीतून जाते, पण ती आधीच स्क्रॅच असेल किंवा तिचं देणंघेणं मिटलं असेल तरच. नाहीतर कमांड सरळ नकार देते. आणि 'फोर्स' म्हटलं तर ती काहीच विचारत नाही. टेप भरलेली असो, मुदत उरलेली असो, तिची आणि तिच्यावरच्या सगळ्या फाइलींची नोंद जाते. फोर्स वापरायचा हक्क वेगळा द्यावा लागतो, आणि तो माझ्या मते टीममधल्या एका माणसाकडंच असावा. तोही शक्यतो कंटाळवाणा, हळू माणूस.

सीए-वनचा स्वभाव जरा वेगळा. तिथं वहीत नंबरांची रांग आधीच आखलेली असते, अमुकपासून तमुकपर्यंत, प्रत्येक नंबराला पान ठरलेलं. मधलं पान फाडता येत नाही. म्हणून टेपवर 'डिलीट'चा शिक्का मारतात आणि पान तसंच राहतं. अख्खी रांगच नको असेल तर वही नव्यानं बांधून जुनीतून हवं तेवढं उतरवून घ्यावं लागतं. मामा म्हणाले, बांधील वही आणि सुट्ट्या पानांची फाइल, एवढाच फरक. मी दहा वर्षं हे स्लाइडवर समजावतोय.

फोर्सवर मी एवढा का घसरलो, तर मी स्वतः तो एकदा वापरलाय.

तेव्हा पुण्यात होतो, कंपनीचं नाव सांगत नाही. जुन्या लायब्ररीतल्या सुमारे चारशे स्क्रॅच टेप काढायच्या होत्या. गुरुवारी दुपारी यादी काढली, सगळ्या स्क्रॅच, मी स्वतः तपासल्या. काम मात्र शनिवारी रात्री करायची परवानगी मिळाली. शनिवारी रिमूव्ह चालवलं तर तीन टेपांवर नकार आला. रात्रीचे अडीच वाजलेले, यादी माझीच, तपासलेली मीच. मला वाटलं काहीतरी जुनी नोंद अडकलीय. त्या तिघींना फोर्स लावला.

झालं असं होतं की गुरुवारी यादी काढल्यावरही त्या टेप स्क्रॅच म्हणूनच लायब्ररीत राहिल्या होत्या. स्क्रॅच टेपचं कामच ते, कुणी मागितली की जायचं. शुक्रवारच्या महिनाअखेरच्या जॉबनं त्यातल्या तीन उचलल्या आणि भरल्या. सिस्टिम नकार देऊन मला तेच सांगत होती.

सोमवारी एका जॉबनं ती फाइल मागितली. मुख्य कॅटलॉगला फाइलचं नाव माहीत होतं, टेपचा नंबरही माहीत होता, त्यानं टेप मागितली. आणि टेपच्या वहीत असा नंबरच नव्हता. जॉब पडला.

टेप कार्ट्रिजच्या रूपात शाबूत होत्या, डेटा शाबूत होता, हे नशीब. वहीचा रोजचा बॅकअप होता, आणि प्रत्येक बदल ज्यात उतरतो ते जर्नलही होतं. पण तीन टेपांसाठी अख्खी वही मागं न्यायची तर मधले हजारो बदल परत चढवावे लागले असते. म्हणून आम्ही सिस्टिमच्या रोजनाम्यातून कुठल्या जॉबनं कुठली फाइल कधी लिहिली ते शोधलं आणि तिन्ही टेप हातानं परत वहीत चढवल्या, फाइलचं नाव, क्रमांक, तारीख, मुदत सगळं. एका टेपची मुदत मी चुकीची टाकली होती, ती दुसऱ्या दिवशी लक्षात आली. ओरडा कुणीच फार दिला नाही. मॅनेजर फक्त म्हणाले, "नकार वाचला होतास का?" वाचला होता. ऐकला नव्हता.

त्यानंतर मी क्रम बदलला. आधी टेप स्क्रॅचच्या गोतावळ्यातून बाहेर काढायची, लायब्ररीतून इजेक्ट करायची, म्हणजे यंत्राच्या हातालाच लागणार नाही. मग त्याच दिवशी ताजी यादी काढायची. मग रिमूव्ह. यादी शिळी झाली की ती भाकरीसारखी कडक होते, मोडते.

मामांनी इथं मला थांबवून पेवाची गोष्ट सांगितली. बंद पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. तोंड मोकळं ठेवतात, मग कंदील दोरीनं आत सोडतात. कंदील विझला तर आत हवा नाही, माणूस उतरवायचा नाही. मी म्हटलं, आमच्याकडंही कंदील असतो. खरी कमांड चालवण्याआधी त्याच यादीवर नुसता शोध चालवायचा: ह्या बाराशेपैकी स्क्रॅच किती, भरलेल्या किती, व्हॉल्टमध्ये किती, मालक कोण. जे आकडे येतील ते मुळातल्या आकड्याशी जुळले नाहीत, एकानंही चुकले, तर कंदील विझला असं समजायचं.

शोधात मी खास दोन गोष्टी बघतो. एक, साखळी. मोठी फाइल एका टेपवर मावत नाही, ती दोन, पाच, वीस टेपांवर पसरते, आणि वहीत प्रत्येक टेपच्या पानावर लिहिलेलं असतं की मागची कुठली, पुढची कुठली. मधलीच एक टेप खराब आहे म्हणून कुणी काढली तर साखळी तुटते आणि पुढच्या टेप असून नसल्यासारख्या. दोन, टेपचा खरा मालक कोण. काही टेप दुसऱ्याच प्रोग्रामच्या असतात. एचएसएम नावाचा एक आहे, तो न वापरलेल्या फाइली डिस्कवरून टेपवर हलवतो आणि त्याची स्वतःची वेगळी वही ठेवतो. अशी टेप आधी त्याच्या वहीतून मोकळी व्हावी लागते, मग आपल्या. नाहीतर तो बिचारा महिन्यांनी फाइल मागायला येतो आणि आपण म्हणतो, कुठली टेप?

म्हणजे वह्या एक नाहीत, चार-पाच आहेत. टेपची वही. फाइलींचा मुख्य कॅटलॉग. यांत्रिक लायब्ररी असेल तर सिस्टिममध्ये त्या लायब्ररीतल्या टेपांची आणखी एक यादी, तिथंही प्रत्येक टेपची एंट्री, ती वेगळी काढावी लागते. खुद्द लायब्ररीच्या पोटातली यादी. आणि एचएसएमसारख्यांच्या घरच्या वह्या. एकीतून काढलं आणि दुसरीत राहिलं की भुतं तयार होतात.

व्हर्च्युअल टेपमध्ये ही भुतं महाग पडतात. कार्ट्रिज असती तर ती निदान डोळ्यांना दिसली असती, कुणीतरी विचारलं असतं ही इथं का पडलीय. व्हर्च्युअल टेप म्हणजे डिस्कवरचा एक तुकडा. नीट स्क्रॅच केली तर त्या यंत्राला कळतं की हिच्यावर आता हक्क नाही, आणि ठरलेल्या दिवसांनी ते जागा मोकळी करतं. पण कुणी भरलेल्या टेपची नोंद वहीतून फोर्सनं उडवली, तर यंत्राला कुणी काही सांगितलेलंच नसतं. त्याच्या दृष्टीनं ती टेप अजून कुणाची तरी आहे. ते तिला इमानानं सांभाळतं, दुसऱ्या गावच्या यंत्रावर तिची नक्कलही ठेवतं. वर्षानुवर्षं. भाडं चालू, माल कुणाचा ते कुणालाच माहीत नाही.

"म्हंजे पावती फाडली आन् पेव भरलेलंच," मामा म्हणाले.

होय. आणि उलटंही होतं, पावती आहे, पेव नाही. पण त्यानं फार बिघडत नाही. टेप हरवली, नोंद राहिली, तर कुणीतरी मागितल्यावर कळतं, आरडाओरडा होतो, शोधाशोध होते. टेप आहे आणि नोंद नाही, तर कुणाला आरडाओरडा करावासा वाटत नाही. ती टेप यंत्रात गेली तर सिस्टिम तिला परकी समजते, आणि परक्या टेपचं काय करायचं हे त्या त्या ठिकाणच्या सेटिंगवर असतं: कुठं हाकलून देतात, कुठं चालवून घेतात. चालवून घेतात तिथं तिच्यावर लिहितातही.

त्या रात्री बाराशेचा कंदील मी आधीच सोडला होता, तरी रिमूव्ह चालवल्यावर ११९३ गेल्या आणि सात टेपांनी नकार दिला. चार व्हॉल्टमधून निघाल्याची नोंद झाली होती, पण पोचल्याची नव्हती. त्या रस्त्यात कुठंतरी असणार. उरलेल्या तिघींवर कुणीतरी दुपारीच ९९३६५ टाकलेलं. मालकाच्या रकान्यात जो आयडी होता तो शोधला, तर तो माणूस २०११ मध्येच रिटायर झालेला.

"मग ह्या तिघींचं काय?" मामा आता उठून बसले होते.

"मेल टाकलाय. तिकडून उत्तर येईपर्यंत हात लावत नाही."

"आमच्याकडं असलं एक पेव हुतं. मालक वारला, पोरं पुण्याला, पावती कुणाकडंच नाही. शेठजींनी दोन वर्षं हात लावू दिला नाही."

"आणि मग?"

"मग काय. पंच बोलवून उघडलं."

"काय निघालं?"

"हळद," मामा म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.